पिनकोडचे अवयव पाडताना या चुका टाळा

साताऱ्याचा पिनकोड ४१५००१, सांगलीचा ४१६४१६. आकाराने शेजारी, स्वभावाने अगदी वेगळ्या. सुट्टीत भाच्यांना अवयव पाडायला मी याच दोन संख्या देतो, कारण नेहमीच्या बहुतेक चुका इथेच घडतात.

सगळ्यात मोठी चूक माझीच. सातारा स्टँडवर एसटीची वाट बघत पेपरच्या कोपऱ्यावर ४१५००१ ला भागत बसलो होतो. २, ३, ५, ७, ११... कशानेच निःशेष जाईना. ८३ ने तर हुलकावणीच दिली: ८३ × ५००० = ४१५०००, बाकी फक्त १. शंभरच्या आतल्या मूळ संख्या संपल्या आणि मी ‘ही मूळ संख्याच’ असं ठोकून दिलं. साफ चूक. भाग वर्गमुळापर्यंत देऊन बघायचा असतो, आणि इथे ते ६४४ च्या जरा पुढे आहे. शंभरपर्यंत मूळ संख्या २५, तर ६४४ पर्यंत ११७. त्यातल्या १११ फुकट जातात आणि ११२ वी लागते: ६१३ × ६७७ = ४१५००१. त्याच्या पुढे मात्र जाऊ नका. वर्गमुळाहून मोठा अवयव असेल, तर त्याचा लहान जोडीदार आधीच सापडलेला असतो.

एवढा घाम गाळण्याआधी फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची युक्ती एकदा करून बघावी: संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडायची. वर्गमुळाच्या लगेच पुढची पूर्ण संख्या ६४५, तिचा वर्ग ४१६०२५. त्यातून ४१५००१ वजा केले की उरतात १०२४, म्हणजे ३२ चा वर्ग. झालं! अवयव ६४५ − ३२ आणि ६४५ + ३२. अर्थात दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच ही पटकन फळते.

अंकांची बेरीज ३ आणि ९ साठी चालते, ११ साठी नाही. साताऱ्याची बेरीज ११ येते म्हणून पोरं खुशाल ११ ने भागायला घेतात. एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा घ्या: ९ आणि २, फरक ७. नाही जात. सांगलीचे ११ आणि ११, फरक ०. जातो. (सांगलीच्या अंकांची बेरीज २२ आहे, तो निव्वळ योगायोग.)

४१६४१६ मध्ये तीन अंक तसेच पुन्हा आलेत, म्हणजे ४१६ × १००१. १००१ चे अवयव ७, ११, १३. आणि ४१६ म्हणजे २ चा पाचवा घात गुणिले १३. इथे दोन्ही १३ एकत्र करायचे राहतात. मग विभाजक मोजताना (प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करायचा) ६ × २ × २ × २ × २ = ९६ येतात. १३ चा घातांक २ धरला की ६ × २ × २ × ३ = ७२. हे बरोबर.

साताऱ्याला विभाजक फक्त ४. सांगलीचा भाचा हे ‘बहात्तर विरुद्ध चार’ आल्यागेल्या पाहुण्याला ऐकवतो. त्यातले दोन, म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः, कुणालाही फुकटच मिळतात, एवढं तेवढं तो गाळतो.