पहिला शोधनिबंध आणि मोजपट्टी नसलेले चौदा फोटो

पन्हाळ्याकडच्या एका गावात चावडीमागे सहा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, उभे आहेत. एम.ए. झाल्यावर पहिला शोधनिबंध मी त्यांच्यावरच लिहायला घेतला. फोटो चौदा काढले आणि चौदाही वाया गेले, कारण एकातही मोजपट्टी नव्हती. दगड दोन फुटी की पाच फुटी, हे वाचणाऱ्याला कळणार कसं? परत एसटी, परत गाव. या खेपेला काळ्या-पांढऱ्या घरांची पट्टी नेली आणि भर दुपारी न जाता सकाळी सातलाच पोचले. झिजलेल्या बसाल्टवरचं कोरीवकाम तिरप्या उन्हात उठून दिसतं. ऊन डोक्यावर आलं की ढाल कुठली न् माणूस कुठला, काही कळत नाही.

सहातल्या एकाला शेंदूर फासलेला. गावात तो म्हसोबा. खरवडून बघू, असं मनातसुद्धा आणू नका. तिथल्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, "माप घे की पोरी, पर आदी नारळ फोड." फोडला. खर्चाच्या हिशेबात नारळ धरून चाला.

पहिल्या मसुद्यात मी सहाही दगडांचं वर्णन केलं होतं. खाली लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याशी कलश आणि सूर्य-चंद्र. सरांनी वाचलं आणि एवढंच विचारलं, "मग?" त्या "मग?"वर महिना गेला. वीरगळ असाच असतो हे संपादकाला आधीच ठाऊक असतं. तुमच्या दगडांनी नवीन काय सांगितलं ते त्याला हवं असतं. पुन्हा बघताना लक्षात आलं, सहापैकी चारांवर लढाईच्या कप्प्यात गुरं आहेत. म्हणजे गुरं पळवणाऱ्यांशी झालेल्या लढाया. त्या एकाच गावात त्या इतक्या का, हा प्रश्न सापडला आणि निम्मं वर्णन आपोआप गळालं.

दुसरी खोड म्हणजे काळ ठोकून देणं. "बाराव्या शतकातील, शिलाहारकालीन" असं मी बिनधास्त लिहिलं होतं. दगडावर कोरलेला लेख नाही, शक म्हणजे वर्षही नाही. शिलाहार हे इथलं जुनं राजघराणं, त्यांचं नाव घेतलं की कोल्हापूरकराची छाती फुगते, पण तो पुरावा नव्हे. अभ्यासक वा. वि. मिराशींनी संपादित केलेला शिलाहारांच्या कोरीव लेखांचा खंड (१९७७) घेऊन बसले, आसपासचे शक असलेले लेख काढले, आणि शेवटी "शैलीवरून अंदाजे" एवढ्यावर आले.

लिहायचं कसं, हे मात्र कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननाच्या अहवालातून शिकले. पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि दीक्षित यांचा, १९५२चा. टाऊन हॉल म्युझियममधला पोसायडन, म्हणजे ग्रीक समुद्रदेवाचा छोटा पुतळा, आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. पण तो ब्रह्मपुरीतच इतर कांस्यवस्तूंच्या साठ्यात मिळाला, हे कळेपर्यंत तो नुसता देखणा पुतळा असतो. वस्तू कुठे आणि कशासोबत मिळाली हे आधी, कौतुक मागाहून.

नियतकालिक निवडताना 'मॅन अँड एन्व्हायर्नमेंट', 'पुरातत्त्व', डेक्कन कॉलेजचं बुलेटिन यांचे अलीकडचे अंक चाळा. आपल्यासारखा विषय तिथे छापला जातो का, संदर्भ कसे देतात, ते बघा आणि तशीच मांडणी करा. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचं. पैसे भरा, आठवड्यात छापतो, म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. विश्वासार्ह नियतकालिकांची यूजीसीची केअर यादीही २०२५मध्ये बंद झाली, त्यामुळे पारख आपली आपणच करायची.

लेखकाचं नाव निबंध तपासणाऱ्या परीक्षकाला कळू द्यायचं नसेल, तर नुसतं पहिल्या पानावरून काढून भागत नाही. "माझ्या लघुप्रबंधात म्हटल्याप्रमाणे" हे वाक्य माझ्या मजकुरात तसंच राहिलं होतं. फाइलच्या माहितीतही नाव असतं, तेही पुसा. दगडांचं अचूक जीपीएस स्थान मी दिलं नाही, गावापर्यंतच दिलं. मूर्तीचोरांना वाटाड्या कशाला व्हायचं?

पाच महिन्यांनी परीक्षकांचे दोन अभिप्राय आले. एक चार ओळींचा, दुसऱ्यात तेवीस मुद्दे. त्या संध्याकाळी रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या, उत्तर लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तक्ता केला: एकीकडे मुद्दा, समोर केलेला बदल आणि पान क्रमांक. बावीस मान्य केले. शेंदूर काढून फोटो घ्या, हा तेविसावा नाकारला. दगड पूजेत आहे असं कळवून रेखाचित्र जोडलं. त्यावर काही वाद झाला नाही.

प्रूफ तपासायला तीन दिवस मिळाले. आकृती तीन आणि चारखालच्या ओळींची अदलाबदल झाली होती. निबंध इंग्रजीत, त्यामुळे गावाच्या नावातला 'ळ' रोमन लिपीत 'ल' होऊन बसला होता. त्या अक्षराखालचं टिंब तेवढं परत घालून घेतलं.