दुसऱ्याचा ट्रेड कॉपी करण्याआधी

इंदुरात शेअरच्या टिपचा फोन कधीच न आलेला माणूस शोधावाच लागेल. कॉपी ट्रेडिंग म्हणजे तीच टिप, फक्त ॲपवरची: समोरच्याने घेतलं की तुमच्या खात्यातही तेच घेतलं जातं, कुठे आपोआप, तर कुठे तुम्ही ‘कन्फर्म’ दाबल्यावर. करायचंच असेल, तर आधी सल्ला देणाऱ्याचा सेबी (शेअर बाजाराची नियामक संस्था) नोंदणी क्रमांक मागा. रिसर्च ॲनालिस्टचा ‘आयएनएच’ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने, पुढे नऊ आकडे. सेबीच्या साइटवर टाकून नाव जुळतंय का पाहा. सराफ्यात अंगठी घेताना हॉलमार्क बघतोच की आपण.

पैसे आणि शेअर तुमच्याच ब्रोकर-डीमॅट खात्यात राहायला हवेत. ‘आमच्या वॉलेटमध्ये टाका’ म्हटलं किंवा ओटीपी मागितला, की तिथेच थांबा. परदेशी फॉरेक्स (चलनाच्या ट्रेडिंगच्या) साइटवरच्या कॉपीच्या भानगडीत पडूच नका. तिथे मार्जिनसाठी (ट्रेडसाठी आधी ठेवावी लागणारी रक्कम) भारतातून पैसे पाठवायला परवानगी नाही, आणि अशा साइटची अलर्ट लिस्ट रिझर्व्ह बँकेनेच काढली आहे.

आता ज्याला कॉपी करायचं त्याचं प्रोफाइल. ‘१०० पैकी ९२ ट्रेड फायद्यात’ हा आकडा फसवा असतो, कारण त्यात फक्त बंद झालेले ट्रेड मोजलेले असू शकतात. तोट्यातले विकायचेच नाहीत, म्हणजे टक्केवारी छान दिसते! म्हणून उघड्या पोझिशन (अजून बंद न केलेले ट्रेड) आणि आतापर्यंतची सर्वांत मोठी घसरण पाहा. पडत्या शेअरमध्ये दर वेळी दुप्पट रक्कम घालणारा दिसला, तर त्याला सोडून द्या. फ्युचर्स-ऑप्शन्सवालाही (शेअरच्या पुढच्या भावावर सौदे करणारा) नकोच: सेबीच्या २०२४च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यातले ९३% किरकोळ ट्रेडर तोट्यात होते.

खरी गफलत भावात होते. समजा, त्याने ४१२ला घेतलं. नोटिफिकेशन येऊन तुम्ही ‘कन्फर्म’ दाबेपर्यंत सगळे फॉलोअर तुटून पडले आणि तुम्हाला ७ शेअर ४१९ला मिळाले. तो ४३३ला विकून ५% कमावतो. तुमची विक्री ४२७ला होते, म्हणजे हाती ५६ रुपये. दोन्ही बाजूंचा ०.१% एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) मिळून सहा रुपये आणि डीपी चार्ज (डीमॅटमधून शेअर विकतानाचं शुल्क) १६ धरला, तर उरले ३४. सव्वा टक्काही नाही, आणि ब्रोकरेज, जीएसटी, कर अजून बाकीच. कमी उलाढालीच्या छोट्या शेअरमध्ये हा फरक आणखी वाढतो. लोअर सर्किट लागलं (भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला अडकला आणि घेणारे उरले नाहीत) तर त्याची सुटका झालेली असते, तुमची ऑर्डर नुसती रांगेत. म्हणून मार्केट ऑर्डरऐवजी (मिळेल त्या भावाने) लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावापर्यंतच) लावा: त्याच्या भावापेक्षा अर्धा टक्का वर, त्यापुढे सोडून द्यायचं.

रक्कम प्रमाणात ठेवा. त्याने १० लाखांतले ५०,००० लावले, तर तुमच्या ६०,०००मधले ३,०००च. शेअर ४,०००चा असेल, तर एकही येणार नाही. असे ट्रेड गळत जातात आणि तुमचा पोर्टफोलिओ त्याच्यासारखा राहत नाही. सुरुवातीला एकूण बचतीच्या ५%पेक्षा जास्त लावू नका, आणि १५% घसरण झाली की कॉपी थांबेल अशी मर्यादा आधीच टाका.

मात्र ‘कॉपी बंद’चा अर्थ ॲपगणिक बदलतो. कुठे शेअर तसेच राहतात आणि पुढे विकायचे तुम्हाला. कुठे बटण दाबताच सगळं मिळेल त्या भावाने विकलं जातं. पैसे टाकण्याआधी हेल्पमध्ये जाऊन ते वाचा.