गिट बायसेक्ट नीट बंद कसा करावा: माझा अनुभव

निपाणीकडच्या एका ऊस वजनकाट्याच्या पावतीवर मराठी नावं नीट यायची, कन्नड नावांच्या जागी मात्र रिकामे चौकोन. गिट म्हणजे कोडचा इतिहास जपणारं साधन. त्यातला बायसेक्ट चांगल्या आणि बिघडलेल्या आवृत्तीमधला टप्पा निम्मा-निम्मा करत बिघाड शोधतो. त्याने नेमका कमिट (बदलाची नोंद) पकडून दिला: त्यात फॉन्टच्या यादीतून कन्नड फॉन्ट उडाला होता.

कमिट सापडला म्हणून बायसेक्ट आपोआप संपत नाही. हेड (आपण सध्या कुठल्या कमिटवर आहोत ते दाखवणारी खूण) शेवटी तपासलेल्या जुन्या कमिटवरच, ब्रँचपासून (कामाच्या शाखेपासून) सुटा राहतो. 'गिट स्टेटस' तसं स्पष्ट सांगतं. तिथेच दुरुस्ती कमिट केली तर ती कुठल्याच ब्रँचवर जात नाही. मग रीफ्लॉगमधून (हेड कुठे कुठे होता त्या नोंदीतून) कमिटचा हॅश, म्हणजे ओळख-क्रमांक, हुडकून चेरी-पिक करत, म्हणजे तो एकच कमिट ब्रँचवर उचलून आणत बसावं लागतं.

आधी 'गिट बायसेक्ट लॉग' फाइलमध्ये ठेवा. एखाद्या कमिटला गुड-बॅड (चांगला की बिघडलेला) हा शेरा चुकीचा दिला गेला असेल तर ती ओळ काढून 'गिट बायसेक्ट रीप्ले'ने तोच शोध पुन्हा चालवता येतो. मग 'गिट बायसेक्ट रीसेट': सुरुवात केली त्याच ब्रँचवर परत. आहे त्या कमिटवरच थांबायचं असेल तर पुढे 'हेड' जोडा. तपासासाठी केलेले बदल आड आले तर रीसेट अडतो. ते स्टॅश करा (तात्पुरते बाजूला ठेवा) किंवा टाकून द्या.

ब्रँचवर आल्यावर कन्नड फॉन्ट यादीत परत घातला, जुनं बिल्ड (आधी तयार केलेला प्रोग्राम) पुसलं. चाचणीच्या पावतीत दोन्ही लिप्यांतली नावं ठेवा, फक्त मराठी नको.