दहापैकी सात सौदे बरोबर, तरी खातं तोट्यात? ट्रेडिंगमधल्या या चुका टाळा

ट्रेडिंग हा धंदा आहे की नाही, हा प्रश्न आयकर खात्याने कधीच निकालात काढलाय. फ्युचर्स-ऑप्शन्समधला (शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावरच्या करारांमधला) नफा-तोटा म्हणजे धंद्याचा नफा-तोटा. त्याच दिवशी शेअर घेऊन विकला, तर तो सट्ट्याच्या धंद्यातला. म्हणजे धंदा दोन्हीकडे आहेच. तो तसा मानायला तयार नसतो तो फक्त करणारा. इंदूरच्या मराठी वस्त्यांमधली, रामबाग असो की सुदामा नगर, कितीतरी मुलं सव्वानऊला बाजार उघडताना ऑफिसच्या लॅपटॉपशेजारी मोबाइल उभा करून बसतात. क्लॉथ मार्केटमधला साधा दुकानदार संध्याकाळी गल्ला मोजतो, उधारी लिहितो, न खपणारा माल पडेल भावाने काढून टाकतो. यातलं एकही काम ही मुलं करत नाहीत. भांडवल मात्र बऱ्याचदा वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून आलेलं असतं.

शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये होता. या ९३ टक्क्यांमध्ये हुशार, शिकलेली माणसंही भरपूर असणार. त्यांचं घोडं बहुतेक वेळा खालीलपैकीच कुठेतरी अडतं.

खर्च न मोजणं

ही चूक सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात महागही. समजा भांडवल तीन लाख. हजार रुपयांचे दोनशे शेअर सकाळी घेतले, दुपारी विकले. दोन्ही बाजूंची वीस-वीस रुपये दलाली, विक्रीवरचा एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) ५० रुपये, शिवाय स्टँप ड्युटी, एक्स्चेंजचा आकार आणि जीएसटी धरला तर एका फेरीचे ११५ ते १२० रुपये जातात. किरकोळ वाटतात. दिवसाला असे तीन सौदे, महिन्याला वीस दिवस, म्हणजे सात हजारांच्या आसपास. वर्षाला तीन लाखांवर साधारण २८ टक्के! एवढे कमावले तेव्हा कुठे तुम्ही शून्यावर येता. ॲपच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत दिसणारा आकडा बहुधा खर्चाच्या आधीचा असतो. खरा हिशेब ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये (सौद्यांच्या बिलात) आणि लेजरमध्ये (खातेवहीत) असतो, आणि तो उघडून पाहणारे फार थोडे. या आठवड्यात एवढं एकच काम केलंत तरी पुढचे निम्मे सौदे आपोआप कमी होतील.

किती घ्यायचं ते अंदाजाने ठरवणं

आधी ठरवायचं की हा सौदा चुकला तर किती गमवायला मी तयार आहे. तीन लाखांचा एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये, धरू. शेअर १,००० ला घेतोय आणि ९८५ ला बाहेर पडणार, तर फरक १५ रुपयांचा. ३,००० ला १५ ने भागा, आले २०० शेअर. बस. 'आज खात्री आहे' म्हणून ६०० घ्यायचे नाहीत. मुद्दल २० टक्के बुडालं तर भरून काढायला २५ टक्के कमवावे लागतात, ५० टक्के बुडालं तर १०० टक्के. नोव्हेंबर २०२४ पासून नव्या इंडेक्स डेरिव्हेटिव्ह (निफ्टीसारख्या निर्देशांकावरच्या फ्युचर्स-ऑप्शन्स) कॉन्ट्रॅक्टची किमान किंमत १५ लाख झाली आहे. तसा फ्युचरचा एक लॉट (ठरलेला किमान गठ्ठा) दोन टक्के उलटला की ३० हजार गेले, म्हणजे आपल्या तीन लाखांतले दहा टक्के. तेव्हा हा माल आपल्या भांडवलाचा नाही, हे मान्य करणं यातच धंद्याची अक्कल आहे. (इंदूरचे जुने व्यापारी सर सेठ हुकुमचंद यांच्या कापसाच्या सौद्यांच्या गोष्टी आपल्या गावात अजून रंगवून सांगतात. त्यांच्या पाठीशी गिरण्या होत्या, हे सांगायचं तेवढं राहून जातं.)

'काका, स्टॉप-लॉस लावला की मार्केट नेमका तो खातं आणि वर जातं'

ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी विचारतो, स्टॉप-लॉस (भाव ठरलेल्या पातळीला आला की तोट्यातून आपोआप बाहेर काढणारी ऑर्डर) कशावरून ठरवलास? उत्तर ठरलेलं: 'दोन हजारांपेक्षा जास्त तोटा नको होता.' म्हणजे जागा खिशाने ठरवली, चार्टने नाही. आपला अंदाज चुकला हे ज्या भावाला सिद्ध होतं, तिथे स्टॉप-लॉस हवा. तो लांब पडत असेल तर संख्या कमी करा, स्टॉप जवळ ओढू नका. अगदी गोल आकड्यावर किंवा कालच्या नीचांकालाच चिकटवून ठेवलात, तर तिथे आधीच गर्दी असते.

दुसरी भानगड तांत्रिक आहे. स्टॉप-लॉस लिमिट ऑर्डरमध्ये ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते) आणि लिमिट (ज्याखाली विकायचं नाही तो भाव) यांत फरकच ठेवला नाही, तर वेगाने पडणारा भाव लिमिट ओलांडून खाली जातो आणि ऑर्डर तशीच लटकत राहते. ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस. आदल्या दिवशी तीन टक्क्यांहून जास्त चढलेला निफ्टी त्या दिवशी जवळपास सहा टक्के खाली बंद झाला. अशा दिवसाच्या आदल्या रात्री मोठी पोझिशन (न मिटवलेला सौदा) घरी न नेणं, हाच स्टॉप-लॉस.

नफा घाईने, तोटा सावकाश

दहापैकी सात सौदे बरोबर, प्रत्येकी १,५०० नफा: १०,५००. तीन चुकले, पण 'परत येईल' म्हणत, पडत्या भावात आणखी घेऊन ॲव्हरेज करत धरून ठेवले, प्रत्येकी ६,००० गेले: १८,०००. हातात उणे ७,५००, खर्च वेगळा. उलट दहापैकी चारच बरोबर आले, पण प्रत्येकी ६,००० मिळाले आणि सहा चुकले ते ३,००० वर कापले, तर खर्चाआधी ६,००० उरतात. बरोबर असण्याचा हट्ट घरी वादविवादात चालवा, इथे नको.

तोट्यानंतर लगेच दुप्पट लॉट टाकणाऱ्याला समजावून उपयोग नसतो. त्या क्षणी तो कोणाचं ऐकत नाही, स्वतःचं तर नाहीच. म्हणून बंदोबस्त सकाळी करायचा. दिवसाला दोन टक्के गेले की काम बंद. बऱ्याच ब्रोकरच्या ॲपमध्ये किल स्विच (ट्रेडिंग काही वेळ बंद करणारं बटण) असतो, तो दाबायचा आणि उठून जायचं.

टिपा

इंदूरचं नाव पोह्यांसाठी आणि स्वच्छतेसाठी निघतं, तसं शेअरच्या टिपा विकणाऱ्यांसाठीही निघतं. सेबीच्या आदेशांत इथले पत्ते वारंवार दिसतात. फोन करणारा हमखास परताव्याची भाषा बोलला की फोन ठेवा, कारण नोंदणीकृत सल्लागाराला तशी हमी देताच येत नाही. नोंदणी आहे की नाही, ते सेबीच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत कळतं. नफ्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे.

वही नाही, आणि रिटर्न भरतानाची धावपळ

सौद्याआधी तीन गोष्टी लिहा: का घेतोय, कुठे बाहेर पडणार, किती घेतोय. नंतर एकच: ठरवल्याप्रमाणे वागलो का, हो की नाही. चाळीस-पन्नास सौद्यांनंतर 'नाही'ची बेरीज वेगळी करून पाहा. त्यात नियम मोडून झालेला नफाही असेल. मला तोट्यापेक्षा त्याचीच जास्त धास्ती वाटते, कारण पुढच्या वेळी मोठा सौदा टाकायची हिंमत तोच देतो.

नोकरदार मंडळी पगाराचा सोपा फॉर्म भरतात आणि ऑप्शन्सचा तोटा लपवतात, 'तोट्यावर कसला कर?' म्हणून. असं करू नका. तो धंद्याचा तोटा आहे, आयटीआर-३ मध्ये जातो. पगारातून वजा होत नाही, पण भाडं-व्याज अशा दुसऱ्या उत्पन्नातून होऊ शकतो, आणि उरलेला आठ वर्षं पुढे ओढता येतो. इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकलेल्या) शेअरचा तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो, तोही चार वर्षं. रिटर्न मुदतीनंतर भरलं, तर तोटा पुढे ओढायचा हक्क जातो. ट्रेडिंगसाठी बँकेचं खातं वेगळं ठेवा आणि हिशेबनिसाकडे येताना ब्रोकरचा वार्षिक कर-अहवाल आणि लेजर, दोन्ही आणा.