गणिती तर्कशास्त्र शिकताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो नकार देताना. ‘प्रत्येक मूळ संख्या विषम असते’ या विधानाचा नकार काय, असं विचारलं की पटकन उत्तर येतं: ‘एकही मूळ संख्या विषम नसते’. चूक! ही दोन्ही विधानं खोटी आहेत, आणि विधान व त्याचा नकार एकाच वेळी खोटे असूच शकत नाहीत. खरा नकार एवढाच की, किमान एक मूळ संख्या विषम नाही. ती म्हणजे २. पुढेही शंका आली की हीच कसोटी लावून पाहा.

‘प्रत्येक’ आणि ‘एखादी’ या शब्दांच्या क्रमाकडेही असंच दुर्लक्ष होतं. ‘कोणतीही संख्या घ्या, तिच्याहून मोठी अशी एखादी संख्या असते’ हे खरं; ‘अशी एक संख्या आहे, जी प्रत्येक संख्येहून मोठी आहे’ हे साफ खोटं. हा फरक चिन्हांत नेमका पकडायची सोय जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेनं १८७९ मध्ये केली. त्याआधीच्या बूलच्या बीजगणितात (‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांची बेरीज-गुणाकारासारखी मांडणी) ती नव्हती; म्हणून तिथेच थांबणारी टिपणं अर्धवट समजावीत.

आता तर्कशास्त्रज्ञ गोडेल. त्याच्या १९३१ च्या अपूर्णता प्रमेयावरून ‘गणितात कशाचीच खात्री नाही’ असं बिनदिक्कत ठोकून दिलं जातं. प्रमेयाच्या अटी मात्र कुणी वाचत नाही. गृहीतकांवरून सिद्धता काढणारी पद्धती सुसंगत हवी, म्हणजे तिच्यात एखादं विधान आणि त्याचा नकार दोन्ही सिद्ध होता कामा नयेत; तिची गृहीतकं यांत्रिकपणे ओळखता यायला हवीत आणि तिच्यात पुरेसं अंकगणित मावायला हवं. असं असेल, तर तिच्या भाषेतलं एखादं विधान तिला सिद्धही करता येत नाही आणि खोडताही येत नाही. गुणाकार वगळून नुसत्या बेरजेचं अंकगणित घेतलं तर ते पूर्ण असतं, म्हणजे त्यातलं प्रत्येक विधान सिद्ध करता येतं किंवा खोडता येतं, हे गणितज्ञ प्रेसबुर्गरनं १९२९ मध्येच दाखवलं होतं.

गोडेलचंच आधीचं पूर्णता प्रमेय या अपूर्णता प्रमेयाच्या विरोधात जातं, असंही अनेकांना वाटतं. तसं नाही. गृहीतकं जिथे जिथे लागू पडतात तिथे सगळीकडे जे खरं ठरतं, ते सिद्ध करता येतं, इतकंच ते सांगतं. प्रत्येक विधानाचा निकाल लागेल, असं आश्वासन त्यात नाही.

‘अंकगणिताची सुसंगतता सिद्ध होऊच शकत नाही’ हेही अर्धसत्यच. अंकगणिताला ती स्वतःच्या बळावर सिद्ध करता येत नाही, एवढंच. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गेंट्झेननं १९३६ मध्ये ती सिद्ध केली, पण त्यासाठी नेहमीच्या विगमनाच्या (एका संख्येवरून पुढच्या संख्येवर जात सगळ्यांसाठी सिद्ध करण्याची रीत) पलीकडे, अनंत क्रमवाचक संख्यांपर्यंत (१, २, ३… संपल्यावरही पुढे क्रम लावणाऱ्या संख्या) जाणारं विगमन वापरलं. ते साधन कितपत भरवशाचं मानायचं, यावर मतं वेगळी असू शकतात. सिद्धता मात्र आहे.