टाकीच्या झाकणातले बारीक छिद्र

माझी जुनी, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) असलेली मोटारसायकल पहिल्या किकला सुरू होत असे. मात्र १०-१५ मिनिटे चालवल्यावर ती आचके देत बंद पडे आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा व्यवस्थित चालू लागे. बिघडलेली इग्निशन कॉइलही (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) गरम झाल्यावर अगदी असेच वागू शकते, त्यामुळे प्रथम मला तिचाच संशय आला. परंतु गाडी बंद पडताच प्लग काढून पाहिला, तेव्हा ठिणगी निळसर आणि जोमदार होती.

मग इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, मोकळ्या हवेत, कार्ब्युरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल बाटलीत सोडले. सुरुवातीची चांगली धार हळूहळू थेंबांवर आली आणि टाकीचे झाकण उघडताच पूर्ववत झाली. टाकीतून पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरते, त्यामुळे जितके ते उतरेल तितकी हवा आत यावी लागते. झाकणातले छिद्र बुजल्याने आत निर्वात तयार होऊन पेट्रोल अडत होते. (थांबल्यावर हवा सावकाश झिरपत असावी.) झाकण उतरवून छिद्रातील गंजमिश्रित माती बारीक तारेने काढली, हवेचा झोत मारला आणि तीच चाचणी झाकण बंद ठेवून पुन्हा केली. धार टिकली.