जेवायला ॲलर्जी असलेला पाहुणा येतोय? या चुका टाळा

पाहुण्याला सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, ॲलर्जी आहे म्हटलं की आपल्याकडे गोव्यात लगेच उत्तर येतं, "मग त्याच्यासाठी शाकाहारी करू." घोळ इथूनच सुरू होतो. ताटात काय वाढायचं ते ठरतं. तवा, तेल, डाव, मिक्सर यांचा विचार कोणी करत नाही.

फोंड्याकडच्या एका घरी मी जेवायला होते. सुनेच्या पुण्याच्या मैत्रिणीला सुंगटांची तीव्र ॲलर्जी, आणि तिने तसं आधीच कळवलं होतं. तिच्यासाठी मुद्दाम नीरफणसाची कापं केली, पण ती सुंगटं तळलेल्या तव्यावर, त्याच तेलात, सुंगटं घोळवून उरलेला रवा लावून. दोन घास खाल्ले नाहीत तोवर तिचे ओठ सुजले, मग खोकला लागला, मग आवाज बसला. कोणी सोलकढी पुढे केली, कोणी ॲलर्जीची गोळी शोधत बसलं. तिच्या नवऱ्याने पर्समधलं ॲड्रेनॅलिनचं पेन (तीव्र ॲलर्जीत टोचायचं तयार इंजेक्शन) काढून मांडीत टोचलं आणि १०८ला फोन करायला लावला, म्हणून ती वाचली. रात्र बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, गेली.

सुंगटांतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन उष्णतेने सहज मोडत नाही. कितीही कडक तळा, ते तेलात उतरतं आणि पुढच्या पदार्थाला लागतं. म्हणून माझ्या घरी पाहुण्याचं जेवण सकाळी सगळ्यांत आधी होतं, सुंगटं फ्रिजमधून बाहेर यायच्याही आधी. नवं तेल, घासलेली स्टीलची कढई, आणि झालं की झाकण लावून थेट दुसऱ्या खोलीत. मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग काढून घासते, कारण काजूचं वाटण तिथेच अडकतं. पाटा-वरवंटा त्या दिवशी बंद. दगडाला मारलेल्या टाक्यांच्या खाचांत काय बसलंय ते दिसत नाही. हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायचे, सॅनिटायझरने प्रथिनं निघत नाहीत. एवढं करायचा कंटाळा असेल, तर पाहुण्याला स्वतःचा डबा आणू द्या. त्यात कोणाचाही अपमान नाही.

"मासळी चालत नाही" एवढ्यावर थांबू नका. बांगडा-इसवण (सुरमई) वेगळे, सुंगटं-कुर्ल्या (खेकडे) वेगळ्या, तिसऱ्या (शिंपल्या) वेगळ्या. एक चालत नाही म्हणजे दुसरं चालत नाही असं नसतं, आणि एक चालतं म्हणजे दुसरं चालेलच असंही नसतं. नेमकं विचारा.

बलचांवच्या (गोव्याच्या आंबट-तिखट लोणच्यासारख्या पदार्थाच्या) मसाल्यात सुकी सुंगटं असतात. बाजारच्या हिंगात बहुधा मैदा, म्हणजे गहू, असतो. काजू चालत नसेल तर पिस्ताही बहुतेक वेळा चालत नाही. पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचा, आणि पाहुणा जेवून आपल्या घरी परत पोचेपर्यंत पाकिटं टाकू नका.

सगळ्यांत जास्त राग येतो तो आग्रहाचा. "इल्लेंशें खा गो, कांय जावचें ना" (थोडंसं खा गं, काही होणार नाही) असं म्हणणाऱ्या मावश्या प्रत्येक घरात आहेत. माया खरी असते, तरी त्यांना आदल्या दिवशीच समजावून सांगा. कधीकधी इल्लेंशेंच पुरतं. आणि ॲलर्जी खरी आहे का हे पाहायला गुपचूप खाऊ घालणं हा माणसाच्या जिवाशी केलेला प्रयोग आहे.

पेन कुठे ठेवलंय, कसं टोचायचं, हे पाहुणा आला की लगेच विचारून घ्या. पानं वाढल्यावर नाही. श्वास अडला, घसा आवळला किंवा चक्कर आली तर आधी ॲड्रेनॅलिन, मग १०८. गोळीने अंगाची खाज कमी होईल, बंद होत चाललेला घसा उघडणार नाही. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा, श्वास लागत असेल तर बसू द्या, पण चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. पेन टोचल्यावर बरं वाटलं तरी हॉस्पिटलात जायचंच, कारण काही तासांनी लक्षणं पुन्हा उलटू शकतात.